मूडलवरचे तास आणि अभ्यासाचे तास

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर प्राध्यापकांनाही संदर्भ लागेल. द्वितीय वर्ष बीएस्सीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात ६४ विद्यार्थी आहेत. प्रकाशकीचा (ऑप्टिक्सचा) ३ क्रेडिटचा कोर्स तुम्ही मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या संकेतस्थळावर, लावला आहे. त्यात टिपणांच्या पीडीएफ आहेत, व्हिडिओ आहेत, दोन स्कॉर्म पॅकेज (मूडलमध्ये बसवायचे तयार धडे) आहेत आणि दर घटकाला एक चाचणी आहे. विभागप्रमुखांनी सांगितलं की अंतर्गत गुणांपैकी १० गुण ‘मूडलवर घालवलेल्या वेळे’वर द्या. तुम्ही अहवाल काढला, तर एका मुलाच्या नावावर साडेएक्केचाळीस तास दिसतात आणि वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी ६ तासांवर आहे. तुम्ही विचारता की हा आकडा येतो कुठून, तो खरा धरायचा का, आणि खरा नसेल तर वेळ मोजायचा तरी कसा.

मी २००९ पासून कॉलेजांची मूडल सांभाळतो. सर्व्हर बसवण्यापासून प्राध्यापकांना चाचणी बनवायला शिकवण्यापर्यंत सगळं. सत्र संपत आलं की हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच. सरळ सांगतो: हे १० गुण असे देऊ नका. का देऊ नयेत ते विभागप्रमुखांना आकड्यांनिशी दाखवता येईल, तेही खाली देतो. मात्र वेळेच्या नोंदी टाकूनही देऊ नका. त्यांचा फार चांगला उपयोग होतो, पण तो गुण देण्याचा नाही.

मुळात मूडल वेळ मोजत नाही. ते क्लिक नोंदवतं. विद्यार्थ्याने काही उघडलं, लिहिलं, पाठवलं की लॉगमध्ये, म्हणजे मूडलच्या नोंदवहीत, एक ओळ पडते: कोणी, कोणत्या कोर्समध्ये, काय केलं, ब्राउझरमधून की ॲपमधून, कोणत्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) आणि कोणत्या सेकंदाला. बस, इतकंच. उघडलेलं पान त्याने वाचलं की फोन उशाशी ठेवून तो झोपला, हे त्या ओळीत नसतं. पान सोडून गेल्याची तर ओळच पडत नाही. वाचनालयाच्या दारात बसलेल्या शिपायाने आत येणाऱ्या प्रत्येकाची वेळ लिहावी आणि बाहेर पडणाऱ्याकडे मान वर करून बघूही नये, तशी ही नोंदवही आहे.

मग ‘घालवलेला वेळ’ दाखवणारे प्लगइन, म्हणजे मूडलला जोडायचे छोटे प्रोग्राम, काय करतात? मूडलवर ‘डेडिकेशन’ नावाचा ब्लॉक बराच वापरला जातो, त्याचीच पद्धत घ्या. एका विद्यार्थ्याचे क्लिक वेळेच्या क्रमाने लावायचे आणि लागोपाठच्या दोन क्लिकमधलं अंतर जोडत जायचं. अंतर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठं निघालं तर माणूस उठून गेला असं धरायचं, ते अंतर सोडून द्यायचं आणि पुढच्या क्लिकपासून नवी बैठक सुरू करायची. सगळ्या बैठकांची बेरीज म्हणजे अशा अहवालातला आकडा. ही मर्यादा निसर्गाने ठरवलेली नाही. प्लगइन लिहिणाऱ्याने एक आकडा घालून ठेवलेला असतो, तो तुमच्या ॲडमिनने बदललेला असतो किंवा त्याच्याकडे कोणाचं लक्षही गेलेलं नसतं.

त्याचा परिणाम किती होतो ते एका संध्याकाळवर करून बघू. एका मुलीच्या नोंदी अशा आहेत. रात्री ८:०२ ला कोर्स उघडला. ८:०३ ला तिसऱ्या घटकाची पीडीएफ उघडली. ८:४१ ला चाचणी सुरू केली. ८:५८ ला चाचणी पाठवली. १०:२० ला चर्चेचं पान उघडलं. १०:२१ ला तुम्ही दिलेला सरावाच्या उदाहरणांचा संच उघडला. त्यानंतर एकही नोंद नाही.

आता मर्यादा ३० मिनिटं ठेवा. पीडीएफ आणि चाचणी यांच्यातलं अंतर ३८ मिनिटांचं आहे, ते गळतं. उरतात १, १७ आणि १ मिनिट. एकूण १९ मिनिटं. मर्यादा ६० करा. आता ८:०२ ते ८:५८ ही एक बैठक होते, पुढचं ८२ मिनिटांचं अंतर गळतं, एकूण ५७ मिनिटं. मर्यादा ९० केली तर सगळी संध्याकाळ एकच बैठक, म्हणजे २ तास १९ मिनिटं. मुलगी तीच, संध्याकाळ तीच, नोंदी त्याच. १९, ५७ की १३९?

खरं काय घडलं ते तिलाच विचारलं तर कळतं. तिने ती पीडीएफ ३८ मिनिटं नीट वाचली. ८:५८ नंतर घरात जेवणं झाली, तिने भांडी आवरली. १०:२१ ला उदाहरणं उघडून सव्वा तास ती वहीत व्यतिकरणाची गणितं सोडवत बसली. म्हणजे ३० मिनिटांच्या मर्यादेने तिचं वाचन पुसलं, ९० च्या मर्यादेने तिची भांडी अभ्यासात मोजली, आणि सगळ्यात मोलाचा सव्वा तास तर तिन्ही हिशोबांत नाही, कारण शेवटच्या क्लिकनंतरचा वेळ या पद्धतीत कधीच धरता येत नाही. विभागप्रमुखांना हे उदाहरण कागदावर लिहून दाखवा. माझ्या अनुभवात याहून जास्त बोलावं लागत नाही.

तुमच्या ६ तासवाल्या मुलीचं कोडं इथेच सुटतं. माझा अंदाज असा की ती पहिल्याच आठवड्यात सगळ्या पीडीएफ उतरवून घेते. एका फाइलची एक नोंद पडते आणि मग ती फाइल ती दहा वेळा वाचो, मूडलला पत्ता नसतो. व्हिडिओ यूट्यूबवरून लावलेले असतील आणि तिने ते थेट यूट्यूबच्या ॲपमध्ये पाहिले असतील तर तेही हिशोबाबाहेर. नेट तुटक असलेल्या गावातली मुलं मूडलचं ॲप वापरून मजकूर आधीच फोनवर घेऊन ठेवतात. मग नेटवर्क मिळालं की नोंदी एकदम पडतात, आणि तीन दिवसांचं वाचन दोन मिनिटांत झाल्यासारखं दिसतं. एक फोन दोन भावंडांत असेल तर बहीण मजकूर वहीत उतरवून घेऊन फोन भावाला देते. जो मन लावून, पडद्यापासून दूर बसून अभ्यास करतो, तो या मोजमापात बारीक दिसतो. या मोजमापावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

साडेएक्केचाळीस तासांचं पाहू. तुमच्या कोर्समध्ये स्कॉर्म पॅकेज आहेत आणि त्यांचा वेळ अहवालात मिळवला गेला असेल, म्हणून तिकडे आधी बघा. स्कॉर्ममध्ये वेळ मोजायचं काम मूडल करत नाही, पॅकेज करतं. विद्यार्थ्याने ते उघडल्यापासून बंद करेपर्यंतचा वेळ पॅकेज स्वतः मोजतं आणि ‘या बैठकीला इतका वेळ’ असं मूडलला कळवतं. मूडल ते आधीच्या बेरजेत मिळवून ठेवतं. मध्ये माणूस समोर होता का, याची विचारपूस बहुतेक पॅकेज करत नाहीत. हॉस्टेलवर रात्री ११ ला पॅकेज उघडून लॅपटॉप तसाच चालू राहिला आणि सकाळी ८ ला बंद केला तर ९ तास जमा. अशा चार रात्री म्हणजे ३६ तास. मुलाने हे मुद्दाम केलं असेलच असं नाही. स्कॉर्मचा अहवाल वेगळा उघडून प्रत्येक प्रयत्नाचा वेळ पाहिला की दोन मिनिटांत उलगडा होईल. पान खरंच डोळ्यांसमोर आहे की दुसऱ्या टॅबच्या मागे गेलंय, हे आजच्या ब्राउझरला कळतं. त्याचा उपयोग करून मागे गेल्यावर घड्याळ थांबवणारी पॅकेज बनवता येतात, पण बाजारातून आयतं घेतलेलं पॅकेज तसं आहे असं गृहीत धरू नका, उघडं ठेवून तपासा. पान समोर असणं म्हणजे माणूस समोर असणं नव्हे, हेही आहेच.

आणखी एक बारीक पण घात करणारी गोष्ट. डेटाबेसमध्ये वेळ सेकंदांच्या एका मोठ्या आकड्यात साठवलेली असते. कोणी ती थेट डेटाबेसमधून काढून दिली आणि सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असला, तर सगळं साडेपाच तास मागे सरकतं. रात्री ११ चा अभ्यास संध्याकाळी ५:३० चा दिसतो. मंगळवारी पहाटे २ ला केलेलं काम सोमवारी रात्री साडेआठच्या खात्यात जातं. मग ‘हा मुलगा तुमच्या प्रॅक्टिकलच्या वेळेत मूडलवर काय करत होता’ असे आरोप होतात. असा एक वाद मी स्वतः मिटवला आहे. मुलाची चूक काडीची नव्हती. हाती आलेल्या फाइलमध्ये स्वतःचाच एक ओळखीचा क्लिक शोधा आणि वेळ जुळते का बघा, मगच पुढे जा.

इतर साधनांचंही थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या विभागात सगळे मूडलच वापरत नसतील. गूगल क्लासरूम शिक्षकाला घालवलेला वेळ दाखवत नाही. काम कधी जमा झालं तेवढं दाखवतं. गूगल फॉर्मवर चाचणी घेतली तर ती पाठवल्याची वेळ मिळते, सुरू केल्याची नाही. मायक्रोसॉफ्ट फॉर्ममध्ये दोन्ही मिळतात. झूमच्या अहवालात वर्गात आल्याची आणि गेल्याची वेळ असते, मधल्या वेळात कॅमेरा बंद करून काय चाललं होतं ते नसतं. यूट्यूबवर तुमच्या व्हिडिओचा पाहण्याचा वेळ एकत्रित मिळतो, कोणी किती पाहिला हे मिळत नाही. पण कोणत्या मिनिटाला लोक गळतात तो आलेख शिक्षकासाठी सोन्यासारखा असतो, तो जरूर बघा. फोनमधला स्क्रीन टाइम यूट्यूबवरचं ऑप्टिक्सचं लेक्चर आणि यूट्यूबवरची गाणी एकाच आकड्यात घालतो.

या सगळ्यांत मला अँकीची पद्धत प्रामाणिक वाटते. ते फ्लॅशकार्डचं ॲप आहे. प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायला लागलेला वेळ ते मोजतं, पण एका कार्डासाठी मुळात ६० सेकंदांपेक्षा जास्त धरतच नाही. कार्ड समोर ठेवून तुम्ही चहाला गेलात तरी खात्यात एकच मिनिट पडतं. जिथे माणसाला काही ना काही करावं लागतं आणि दोन कृतींमधलं अंतर लहान असतं, तिथेच घड्याळावर विश्वास ठेवता येतो. पुढे मी जे सुचवतो आहे त्यामागेही हेच आहे.

वेळेवर गुण दिले की काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. एका कॉलेजमध्ये माझा विरोध असतानाही ५ गुण तासांवर ठेवले गेले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तास दुपटीवर गेले. व्यवस्थापन खूश झालं. मी लॉग उघडून पाहिला तर रात्री १ ते ५ या वेळात पंधरा-वीस खाती दर काही मिनिटांनी तेच पान उघडत होती. मुलांनी आपोआप क्लिक करणारं एक्स्टेंशन शोधून काढलं होतं आणि हॉस्टेलभर वाटलं होतं. त्याच वर्गात एक मुलगी होती, दोन एसटी बदलून यायची, घरी आईबरोबर शेतात काम करायची आणि प्रवासात छापील टिपणं वाचायची. तिला ५ पैकी १ गुण मिळाला. लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. तो १ गुण कोणी बदलला नाही, कारण ‘सिस्टीमने दिला’ होता. हे मी विसरू शकलेलो नाही. म्हणून आता कोणी असा अहवाल मागितला तर आधी मी हे सांगतो आणि मग अहवाल देतो.

वेळेला किंमत नाही असं मी म्हणत नाही. जॉन कॅरॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलेलं सूत्र आजही मला शिक्षकाच्या कामाचं वाटतं: विद्यार्थी किती शिकला हे त्याने प्रत्यक्ष दिलेला वेळ आणि त्याला लागणारा वेळ यांच्या गुणोत्तरावर ठरतं. यातला दुसरा भाग प्रत्येकाचा वेगळा असतो. ज्या मुलीला बारावीचं गणित पक्कं येतं तिला विवर्तनाचं प्रकरण ३ तासांत समजेल, ज्याचं कच्चं आहे त्याला ९ लागतील. दोघांना एकाच तासांच्या फूटपट्टीने मोजलं तर तुम्ही एकाला पटकन समजल्याची शिक्षा देता, आणि दुसऱ्याचं अडलेलं असताना त्याला शाबासकी देता.

विभागप्रमुख क्रेडिटचा मुद्दा काढतील. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तासांचं एकूण अध्ययन धरलं आहे, म्हणजे ३ क्रेडिटला ९० तास. त्यातले व्याख्यानांचे ४५ वजा केले तर स्वाध्याय, ट्युटोरियल, परीक्षेची तयारी या सगळ्यांसाठी ४५ उरतात. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ३ तास. हा आकडा कोर्स आखताना वापरायचा असतो: मी दिलेलं काम सरासरी मुलाला आठवड्याला ३ तासांत झेपेल का? एकेका मुलाने तो भरला की नाही हे मूडलवरून तपासायला तो नाही. मूडलवर तर त्यातला एक तुकडाच दिसतो.

तुम्ही काय करा, ते सांगतो.

तास बाजूला ठेवा आणि दिवस मोजा. आठवड्यातल्या किती वेगवेगळ्या दिवशी विद्यार्थ्याने कोर्सला हात लावला? लॉग एक्सेलमध्ये उतरवा, ओळींत नावं आणि स्तंभांत तारखा घेऊन पिव्होट टेबल (एक्सेलमधला आपोआप मोजणी करणारा तक्ता) करा. पाच मिनिटांचं काम आहे. या आकड्याला ३० मिनिटं की ६० मिनिटं हा वाद लागू होत नाही, रात्रभर उघडा राहिलेला लॅपटॉप त्यात फार तर दोन दिवसच धरला जातो, आणि ज्याने फाइल उतरवून घेतली तोही चाचणीसाठी किंवा पुढच्या घटकासाठी येतोच. शिवाय यामागे शिकण्याची खरी गोष्ट आहे. तोच वेळ एका बैठकीत घालवण्यापेक्षा दिवसांमध्ये वाटला तर लक्षात जास्त राहतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं आणि त्यानंतर ते असंख्य वेळा तपासलं गेलं आहे. चार दिवस अर्धा अर्धा तास येणारा आणि रविवारी रात्री सलग दोन तास बसणारा, तासांच्या अहवालात सारखे दिसतात. दिवसांच्या तक्त्यात फरक लगेच कळतो.

तास बघायचेच असतील तर वर्गाची सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. पाच मुलांचे तास २, ३, ४, ५ आणि ४१ असतील तर सरासरी ११ येते, आणि पाचांपैकी एकही मुलगा त्या ११ च्या आसपास नाही. मध्यक ४ येतो.

चाचण्यांमधली वेळ मात्र विश्वासाने वापरा. मूडल प्रत्येक प्रयत्न सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ ठेवतं, आणि मधल्या प्रत्येक उत्तराचीही नोंद असते. एका पानावर एकच प्रश्न ठेवला तर प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ जवळपास खरा मिळतो. २० प्रश्नांची चाचणी कोणी १ मिनिट ५० सेकंदांत संपवली तर प्रश्नाला साडेपाच सेकंद पडले. तेवढ्यात तुमचा प्रश्न वाचूनही होत नाही. तो मुलगा अंदाजाने टिकल्या मारतो आहे किंवा उत्तरं त्याच्याकडे आधीच आली आहेत. फक्त पहिलाच प्रयत्न बघा, दुसऱ्यात वेग वाढणं स्वाभाविक आहे. उलट्या बाजूने, सगळा वर्ग एकाच प्रश्नावर चार-चार मिनिटं अडकत असेल तर तो प्रश्न किंवा तो भाग पुन्हा शिकवायला हवा. वेळेच्या नोंदींचा एवढा थेट उपयोग मला दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही.

मोठ्या मजकुराचे तुकडे करा. ४० पानांची एक पीडीएफ ठेवण्याऐवजी आठ-दहा पानांचे भाग ठेवा आणि प्रत्येकानंतर दोन-तीन प्रश्न घाला. व्हिडिओ दहा-बारा मिनिटांवर तोडा. यामुळे दोन नोंदींमधलं अंतर कमी होतं आणि हिशोब सत्याच्या जवळ जातो, पण माझ्या दृष्टीने तो दुय्यम फायदा आहे. मुख्य फायदा आठवून पाहण्याचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे होते. वेळ दोघांनी सारखाच दिला होता. हा प्रयोग मी कार्यशाळेत सांगतो तेव्हा प्राध्यापकही आपल्या विद्यार्थिदशेची आठवण काढतात.

पडद्याबाहेरच्या वेळेसाठी मुलांकडून वेळवही लिहून घ्या. साधी वही, तीन रकाने: कुठून कुठपर्यंत बसलो, काय केलं, शेवटी काय आलं किंवा कुठे अडलं. पूर्ण सत्र लिहायला सांगू नका. मग सगळ्या नोंदी शेवटच्या रात्री एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेल्या येतात. दोन आठवडे पुरे, एकदा सत्राच्या सुरुवातीला आणि एकदा मध्यावर. नोंद उठताना लगेच करायची, आठवड्याने आठवून नाही, कारण मागाहून आठवताना आपण सगळेच आपला अभ्यास फुगवतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘७ ते ८:३०, ऑप्टिक्स’ यातून तुम्हाला काही कळत नाही. ‘न्यूटनच्या कड्यांत मधला ठिपका काळा का, हे कळलं नाही’ यातून उद्याचं लेक्चर कुठून सुरू करायचं ते कळतं. वहीतला वेळ मूडलशी ताडून मुलांना खोटं पाडायला जाऊ नका. एकदा तसं केलंत की ती वही तुमच्यासाठी लिहिली जाईल, त्यांच्यासाठी नाही.

नोंदींचा खरा उपयोग कुठे झाला, त्याचं एक उदाहरण सांगतो. एका वर्गात एक मुलगा नियमित होता, तास ठीक, चाचण्या ठीक. फक्त त्याच्या नोंदींची वेळ संध्याकाळी ७-८ वरून पहाटे अडीच-तीनवर सरकली होती. तासांच्या अहवालात यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच्या मॅडमनी आरोप न करता त्याला बाजूला घेऊन नुसतं ‘सगळं ठीक आहे ना’ असं विचारलं. वडिलांचं काम सुटलं होतं, तो एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जायला लागला होता आणि घरी येऊन अभ्यास करत होता. कॉलेज सोडायचा विचार पक्का होत आला होता. मॅडमनी त्याची प्रॅक्टिकलची बॅच बदलून दिली आणि फीचे हप्ते करून घेतले. त्याने पदवी पूर्ण केली. म्हणून मी सांगतो की किती वेळ यापेक्षा कोणत्या वेळी, आणि कधीपासून बदललं, हे बघा. सलग दहा दिवस एकही नोंद नसलेल्या मुलांची यादी दर सोमवारी काढा आणि त्यांच्याशी बोला. ६४ च्या वर्गात ती यादी चार-पाच नावांची असते.

आयपी पत्त्यावरून ‘दोघांनी एकत्र बसून चाचणी दिली’ असा निष्कर्षही काढू नका. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना बाहेरून एकच आयपी देतात.

मुलांना पहिल्याच तासाला सांगा की मूडल काय नोंदवतं, कोण बघतं आणि कशासाठी. त्यांचेच लॉग पडद्यावर उघडून दाखवलेत तर उत्तम. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा असा मागोवा घेण्यावर बंधनं आहेत. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सवलत आहे, पण ‘शैक्षणिक कामापुरती’ हे शब्द तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने ध्यानात ठेवावेत. ६४ जणांच्या तासांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही, आणि पदवीच्या मुलांबाबतही ते करू नये.

त्या १० गुणांसाठी विभागप्रमुखांना पर्याय द्यावा लागेल, नुसता नकार चालणार नाही. मी असं सुचवेन: ५ गुण घटक-चाचण्यांना, पुन्हा प्रयत्नाची मुभा ठेवून आणि मुदत पाळण्याची अट घालून. ३ गुण वेळवहीला, तास किती याला नव्हे, तर तिसरा रकाना विचार करून भरला आहे का याला. २ गुण चर्चेच्या पानावर विचारलेल्या किंवा सोडवलेल्या एका शंकेला. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) ऑनलाइन वापराचा पुरावा हवा असेल तर वर्गाचा आठवडावार सक्रिय दिवसांचा मध्यक आणि चाचण्या पूर्ण केल्याचं प्रमाण द्या, नावं न घालता. साडेएक्केचाळीस तासांपेक्षा तो पुरावा कोणीही तपासला तरी टिकेल.

आता लगेच करायचं काम. ॲडमिनला विचारा की तुमच्या मूडलवर लॉग किती दिवस ठेवले जातात. जागा वाचवायला काही जण तिथे ३५ दिवस निवडतात, आणि मग सत्राच्या शेवटी पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी शिल्लकच नसतात. तसं असेल तर तुमचा अहवाल फक्त शेवटच्या महिन्याचा वेळ दाखवत असेल, आणि त्या मुलीचे ६ तास कदाचित त्या एकाच महिन्याचे असतील. आधी ते तपासा, मुदत वाढवून घ्या, आणि आज जे लॉग आहेत ते फाइलमध्ये उतरवून ठेवा. स्कॉर्मचा अहवाल काढल्यावर त्या मुलाच्या प्रयत्नांच्या वेळा काय निघाल्या ते कळवा, म्हणजे पुढचं बघता येईल.